जावयाला 'कधी निघणार' विचारत नाहीत

सेलोमचा पासपोर्ट व्हिसाशिवाय परत आला, त्या दिवशी लग्नाला अठ्ठावीस दिवस उरले होते. गुरुदत्तांनी मॉन्ट्रियलजवळच्या ब्रॉसार्डच्या घरात किचन ते बेसमेंट अशा सकाळपासून चौदा फेऱ्या मारल्या होत्या. त्यांच्या पत्नी उमाताई मोजत होत्या.

"पंधरावी मारताना लॉन्ड्रीचे कपडे तरी वर आणा," त्या म्हणाल्या.

लग्न नेदरलँड्समध्ये होतं, कारण गुरुदत्तांच्या आई, ताराबाई, तिथे होत्या. वय त्र्याण्णव, मुक्काम आइंडहोव्हनला धाकट्या शरदचंद्राकडे, आणि विमानाला डॉक्टरांची सक्त मनाई. सह्याशिक्क्यांचं काय ते नंतर इथे होईल, पण सप्तपदी आजीसमोरच, असा हट्ट एकुलत्या नातीचा, म्हणजे गुरुदत्तांच्या मुलीचा, ईशानीचा. वऱ्हाडाचं काही अडत नव्हतं. कॅनडाचा पासपोर्ट असला की तिकीट काढायचं आणि निघायचं. अडला होता तो फक्त नवरदेव. सेलोम नऊ वर्षं कॅनडात होता, पर्मनंट रेसिडेंट होता, मॉन्ट्रियलच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होता. पण पासपोर्ट घानाचा. घानाच्या माणसाला युरोपात दहा दिवस जेवायला जायचं तरी आधी व्हिसा घ्यावा लागतो.

त्याची फाइल गुरुदत्तांनी आपण होऊन अंगावर घेतली होती. तीस वर्षं पूल बांधलेला माणूस! बँकेचे कागद, कॉलेजचं पत्र, तीस हजार युरोंचा विमा, परतीचं बुकिंग, सगळ्याला रंगीत टॅब. कधीकाळी भारतीय पासपोर्ट घेऊन ते स्वतःही अशाच रांगांत उभे राहिले होते. पण नवा पासपोर्ट मिळाला की माणूस सर्वांत आधी रांग विसरतो.

आता नकाराचा कागद टेबलावर होता. त्यावर एकाच चौकटीत फुली: मुदत संपल्यावर परत जाण्याच्या हेतूबद्दल रास्त शंका.

"शंका कशी येते?" गुरुदत्त उसळले. "नोकरी इथे, घर इथे, बायको इथे होणार!"

"अंकल," सेलोम शांतपणे इंग्रजीत म्हणाला, "शरद अंकलचं पत्र बघू?"

निमंत्रणाचं पत्र व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या आदल्या संध्याकाळी ईमेलने आलं होतं. ते गुरुदत्तांनी अभिमानाने फाइलमध्ये सर्वांत वर लावलं आणि फाइल बंद केली. सेलोमने ते वाचलंच नव्हतं. आता ईशानीने लॅपटॉपवर उघडून मोठ्याने वाचलं. पत्र इंग्रजीत होतं, पण आत्मा अस्सल मराठी: सेलोम आमच्या घरचाच आहे. त्याने हवे तितके दिवस राहावे. जाण्याची मुळीच घाई करू नये. एकदा आला की आम्ही त्याला सहजासहजी सोडणार नाही.

ईशानीने लॅपटॉप वडिलांकडे वळवला.

"बाबा! 'वी विल नॉट लेट हिम गो ईझिली'? सीरियसली? तुम्ही हे अप्रूव्ह केलंत?"

"आपुलकीनं लिही म्हणालो होतो मी," गुरुदत्त पुटपुटले. हे वाक्य वाचून आपले डोळे पाणावले होते, हे त्यांनी सांगितलं नाही.

"आक्राला माझी मावशी सांगते," सेलोम म्हणाला, "निमंत्रणाचं पत्र घरमालकाने लिहिल्यासारखं असावं."

गुरुदत्तांनी तत्काळ भावाला फोन लावला. स्पीकरवर.

"शरद, नवं पत्र हवंय. चोवीस मेला सकाळी तो तुझं घर सोडेल, पुढे राहण्याची सोय नाही. स्पष्ट लिही."

"दादा, शुद्धीवर आहेस ना? जावई पहिल्यांदा उंबरा ओलांडणार, आणि मी लिहू, चोवीसला चालता हो?"

"तसंच लिही."

"मग तूच लिही की!"

"पत्ता तुझा आहे, गाढवा. यजमान तू."

"बरं, 'शक्यतो चोवीसला' लिहितो."

"शक्यतो नको!"

"'त्याची हरकत नसल्यास'?"

पलीकडे खुर्ची सरकली आणि ताराबाईंचा आवाज आला. "इकडे दे तो फोन. काय रे, कशावरून भांडताय?"

गुरुदत्तांनी सांगितलं. आईंनी हिशेब मांडला.

"म्हणजे ये, राहा म्हटलं तर तो येणार नाही. आणि जा म्हटलं तर येईल."

"हो आई."

"मग यात अवघड काय आहे? शरद, कागद घे." त्यांनी तिथल्या तिथे मजकूर सांगितला. "चोवीस तारखेला सकाळी दहा वाजता त्याने निघायचं आहे. शरद त्याला विमानतळावर सोडील. त्याची खोली त्याच दुपारी दुसऱ्यांना दिली आहे. लिहिलंस?"

"कुणाला दिली आहे, आई?" शरदचंद्राने विचारलं.

"तुझ्या सासूला. बोलाव तिला, म्हणजे खोटं होणार नाही." मग जरा थांबून, "गुरू, त्या मुलाला वाईट वाटलं का रे?"

ईशानीने भाषांतर केलं. सेलोम फोनजवळ वाकला. "टेल हर, माझ्यासाठी कुणी लिहिलेलं सगळ्यात सुंदर पत्र आहे हे."

नवीन अपॉइंटमेंट मिळायलाच सहा दिवस गेले. त्यानंतर गुरुदत्त दर तासाला वेबसाइट उघडून बघत. दर तासाला तिथे तेच: अर्ज विचाराधीन आहे. ते रात्री अडीचला उठून बघत, तेव्हाही विचार चालूच. हळद, अक्षता, मुंडावळ्या सूटकेसमध्ये भरून झाल्या. उमाताईंनी नवरदेवाचा शेला तेवढा बाहेर ठेवला होता, आणि का ते कुणीही विचारलं नाही.

विमानाला चार दिवस असताना कुरियर आला. पाकिटावर नाव सेलोमचं. तो वर्गावर होता. गुरुदत्तांनी पाकीट खिडकीशी धरलं, हलवलं, पुन्हा उन्हात धरलं. मग फोन केला.

"उघडा, अंकल," सेलोम म्हणाला. मागे मुलांची कुजबुज ऐकू येत होती.

गुरुदत्तांनी पाकीट बायकोपुढे धरलं. उमाताईंनी कोथिंबिरीची कात्री आणून पाकीट कापलं, पासपोर्टची पानं सावकाश उलटली.

"फोटो बरा आलाय," त्या म्हणाल्या.

"उमा!"

"आहे हो. व्हिसा आहे."

पंधरा मे ते चोवीस मे. मुक्काम दहा दिवस. आईने सांगितल्यापेक्षा एक दिवसही जास्त नाही. गुरुदत्तांनी तारखा फोनवर वाचून दाखवल्या. वर्गातली कुजबुज थांबली होती.

"सेलोम? ऐकलंस ना?"

"ऐकलं." महिनाभर सगळ्यांना धीर देणाऱ्या त्या आवाजाला पहिल्यांदाच कंप सुटला होता. "प्लीज, अंकल, पुन्हा एकदा वाचा."

गुरुदत्तांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं, यावेळी एकेक आकडा सुटा करून.