परातीतलं पिवळं पाणी

रविवारी सकाळीच सदूबुवांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पार रसायनीपासून शेलूपर्यंतची कावीळ जणू इथंच उतरायला आली होती. बुवा रोग्याच्या तळहातांना कसलासा रस चोळत आणि परातीवर धरून मंतरलेल्या निवळ पाण्यानं धूत. पाणी बघता बघता पिवळंजर्द! मग बुवा परात सगळ्यांपुढं फिरवत. "बघा रं, निघाली का नाय? डाक्टर सुया टोचतो, आमी मुळातनं खेचतो." बायका हात जोडत.

समिधा चार वर्षांच्या साईराजला मांडीवर घेऊन बसली होती. त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते, पोटात पेज टिकत नव्हती. तिला दवाखाना गाठायचा होता. सासू सोनुबाई म्हणाल्या, आधी हात धुऊन घेऊ, मग बघू. शेजारी थोरली जाऊ छाया बसली होती. तिच्या लेकाचे, नवीनचेही हात गेल्या पावसाळ्यात याच परातीत धुतले होते. तो वाचला नाही. त्याचं आयुष्यच तेवढं, असं घरात ठरून गेलं होतं.

एवढ्यात समिधाची थोरली लेक अक्षदा तिच्या कानाशी लागली. मागच्या आठवड्यात शाळेत विज्ञानाचे प्रयोग दाखवणारा टेंपो आला होता. त्यातल्या ताईंनी ठाकरवाडीतल्या एका आजीला सोबत बसवून झाडपाल्याचे रंग पोरांच्या हातांनीच करून घेतले होते. हळदीत चुना कालवून कुंकू केलं होतं. "आणि आंब्याच्या झाडाची साल ठेचून हाताला चोळली, मग चुन्याच्या निवळीनं धुतले. असंच पिवळं पाणी झालं, आई. सगळ्यांचंच. आमाला कुठं कावीळ हाय?"

पोराची पाळी आली तशी समिधानं स्वतःचेच हात पुढं केले.

"तुला काय झालंय गं?"

"काय नाय. धुवा तरी."

लोक बघत होते. बुवांना धुवावेच लागले. पाणी पिवळं झालं.

"म्हंजी तुलाबी हाय," बुवा सावरून म्हणाले. "लपलेली."

"मग तुमच्या या पिवळ्या बोटांना तर कायमची झालीय, बुवा." समिधानं परातीकडं बोट दाखवलं. "साल आंब्याची, पाणी चुन्याचं. कावीळ आत यकृतात असते, ती तळहातातून कशी निघंल? रक्त तपासायला लागतं."

कुणी हसलं नाही. छायानं परात स्वतःकडं ओढली आणि त्या पाण्याकडं बघत राहिली.

"माझ्या नवीनचं पाणी दाखवून तुमी म्हणालात, निघाली. मी दवाखान्यात न्यायची थांबले. त्याची आतच ऱ्हायली व्हती ना?"

बुवांनी पंच्यानं हात पुसले. काहीजण उठले, काही रांगेत एक जागा पुढं सरकले. सोनुबाईंना मान वर करवेना. छायानंच साईराजला कडेवर घेतलं.

"बसू नका आता," ती म्हणाली. "याला तरी नेऊ."