सगळ्यांसाठी खुलं पान

कंपनीत सगळे तिला विकी मॅडम म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत पूर्वी कुठली गोष्ट कुणाला विचारायची हेच कुणाला ठाऊक नसे. नकाशा एकाकडे, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे आणि तिसरा रजेवर! तिनं कंपनीच्या संगणकांवर विकी आणली. कंपनीची सगळी माहिती एका जागी, कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. कामंही तिथंच मांडायची. कामापुढे कुणाचं नाव नसेल तर ज्याला जमेल त्यानं आपलं नाव घालून ते उचलायचं, आणि झालं की ओळ हिरवी करायची. पानाला कुलूप लावायला मात्र सक्त मनाई. "लपवायचं काय असतं एवढं?" असं ती भर बैठकीत विचारायची. ज्यांना लपवायचं असे ते बिचारे गप्प बसत.

मग तिची आई गेली आणि बाबांनी बोलणं टाकलं. विचारलं तर "हं", नाही विचारलं तर तेही नाही. डॉक्टर म्हणाले, "औषधं देतोच आहे मी. पण कुणीतरी यांच्यापाशी बसून बोला. नाहीतर हा माणूस हातचा जाईल."

बाबा तिच्या ऑफिसपासून चार गल्ल्या पलीकडे एकटे राहत. तिचा आणि धाकट्या भावाचा संसार शहराच्या दोन टोकांना. आता काय करावं? तिला जे येत होतं ते तिनं केलं. विकीत पान उघडलं, 'बाबा: कामांची वाटणी', आणि भावाला पाहुणा म्हणून आत घेतलं. वर बाबांचा पत्ता, खाली किराणा, कपडे, औषधं, गुडघ्याचे व्यायाम, सगळं ओळीनं मांडलं आणि प्रत्येक कामाखाली सूचना लिहिल्या. नवं पान आपोआप साऱ्या कंपनीला दिसतं हा नियम तिचाच, पण घरचं लिहिताना तो तिच्या ध्यानीमनीही आला नाही.

भावानं किराणा घेतला, तिनं औषधं घेतली, बाकीची कामं अर्धी अर्धी. 'बाबांशी बोलणे' यापुढे मात्र कुणीच नाव घातलं नाही. त्याखाली तिनं लिहिलं होतं, "अर्धा तास पुरे. बोलते झाले की तेच तेच सांगतात. अधूनमधून हो हो म्हणावं. तेवढ्यात फोनवर आपलं दुसरं काम उरकता येतं." लिहिताना तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पंपाच्या पानावर नाही का लिहीत, सुरुवातीला घरघर करतो, लक्ष देऊ नये?

थोड्या दिवसांनी तिला फोनवर ती ओळ हिरवी दिसली. पुढच्या आठवड्यात पुन्हा हिरवी. हिरवं म्हणजे झालं, पान उघडून बघायला वेळ कुणाला आहे! तिनं भावाला फोन केला. "गुणाचा आहेस रे बाबा. बोलतोस ना त्यांच्याशी?"

"अगं, त्यात काय एवढं," भाऊ म्हणाला. आयत्या बिळावरचा नागोबा! त्याला वाटलं होतं, तीच बोलते.

बाबा सुधारले, हे मात्र खरं. दाढी करू लागले, खिडक्या उघडू लागले. ती औषधं भरायला गेली तेव्हा म्हणाले, "तुझा माणूस फार चांगला आहे हो." किराणा पोचवणाऱ्याबद्दल बोलत असतील, असं समजून ती "हो हो" म्हणाली आणि गोळ्यांचा डबा बंद करून जिना उतरली.

भांडं फुटलं ते नव्या लोकांसाठी बोलावलेल्या बैठकीत; जुनी मंडळीही हजर होती. ती भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर विकी दाखवत होती. अगदी रंगात आली होती. "आपल्याकडे सगळ्यात जास्त जणांनी मिळून सुधारलेलं पान कोणतं, बघायचंय?" असं म्हणून तिनं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'बाबा: कामांची वाटणी'.

हिशेबवाल्या बाईंनी औषधांपुढे लिहिलं होतं, ही गोळी उपाशीपोटी देऊ नये. गाडीच्या चालकानं गुडघ्याचा एक व्यायाम बदलून दिला होता. आणि 'बाबांशी बोलणे' खाली, वीतभर अक्षरांत, तिच्या स्वतःच्या ओळी होत्या. त्यातलं "तेच तेच सांगतात" कुणीतरी खोडून पुढे लिहिलं होतं, "एकच गोष्ट तीनदा सांगतात. पहिल्या दोन वेळा घाईनं संपवतात. तिसऱ्यांदा खरा शेवट सांगतात, तोवर उठू नये. फोन खिशात ठेवावा." पुढे नाव होतं तक्रार विभागातल्या रेडिओचं.

रेडिओ म्हणजे तक्रार विभागाचे साहेब. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून झालं की समोर जो दिसेल त्याच्याशी बोलणारे, म्हणून हे नाव पडलेलं. "तुमच्या गप्पांनी लोकांची कामं खोळंबतात," म्हणून तिनंच त्यांचं टेबल जिन्याखाली हलवलं होतं.

लोक हसले असते तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. हिशेबवाल्या बाई नखं बघत बसल्या, चालकानं मान खाली घातली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! ते वाचून हीच माणसं रोज तिला नमस्कार करत होती, आणि एकानंही अवाक्षर काढलं नव्हतं. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

बैठक मोडल्यावर रेडिओ आले. "मॅडम, कामापुढे नाव नव्हतं. म्हटलं, तुम्ही मुद्दाम सगळ्यांसाठी ठेवलंय. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत जातो. बाबा म्हणजे अहो, काय माणूस आहे..."

"माझ्या घरात नाक खुपसायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

बोलतानाच तिला कळत होतं की आपण चुकतोय. पण तोंड काही थांबेना. रेडिओंचा चेहरा एवढासा झाला. "चुकलंच माझं," म्हणाले आणि जिन्याखाली जाऊन बसले. तिनं त्याच पावली पानाला कुलूप घातलं. कंपनीतलं ते पहिलं कुलूप.

बुधवारी ती स्वतःच बाबांकडे गेली. बेल वाजवायच्या आत दार उघडलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. त्यांनी तिच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं.

"तू? आणि ते? बरे आहेत ना?"

"हो. आजपासून मीच येणार आहे. बोलायला."

"बरं," बाबा म्हणाले.

दोघं बसली. कसे आहात? बरा आहे. गोळ्या? घेतो. गुडघा? ठीक. आणि प्रश्न संपले! कंपनीत शंभर जणांना शंभर प्रश्न विचारणारी ही बाई, तिला जन्मदात्या बापाला विचारायला चौथी गोष्ट सुचेना. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग अगदी समजुतीनं म्हणाले, "तुझी कामं राहिली असतील. जा तू. आलीस, बरं वाटलं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ती भांडली तरी असती.

"बाबा, त्यांना मी पाठवलंच नव्हतं," ती म्हणाली. "ते आपण होऊन येत होते. आणि मला ते कळलं तेव्हा मी त्यांना नको नको ते बोलले. लाज वाटली म्हणून."

"कशाची लाज?"

"मी तुमच्याबद्दल वाईट लिहिलं होतं. ते सगळ्यांनी वाचलं, याची वाटली. लिहिलं याची नाही वाटली. ती आत्ता वाटतेय."

काय लिहिलं होतं, हे बाबांनी विचारलं नाही. त्यांनी तिची पर्स तिच्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "फोन कर त्यांना."

तिनं तिथंच, त्यांच्यासमोर फोन लावला. "साहेब, मी चुकले. तुम्हाला बोलायला नको होतं. बाबा वाट बघताहेत. याल का?"

पलीकडून रेडिओ म्हणाले, "मॅडम, खालीच उभा आहे. सुट्टी झाली आणि पाय इकडेच वळले हो. वर यायचा धीर होत नव्हता."

रेडिओ वर आले तसे बाबा उठून उभे राहिले. तिच्यासाठी ते असे कधी उठले नव्हते. दोन्ही खुर्च्या भरल्या, तेव्हा ती स्वयंपाकघरातलं स्टूल आणून बाजूला बसली. फोन पर्समध्ये, पर्स दाराशी. बाबांनी खाकरून घसा साफ केला आणि सुरू झाले. तरुणपणी ते टेलिफोनच्या तारा जोडायच्या कामावर होते. नदीला पूर आला, तार तुटली, आणि तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन बाबा नावेतून पलीकडे गेले. ही गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि नाव पलीकडे लागायच्या आत दर वेळी उठून गेली होती.

"...खांबावर चढलो. तार जोडली. फोन कानाला लावला. आणि आवाज आला!"

बाबा थांबले. रेडिओ गालातल्या गालात हसत होते. आपणही ऐकतोय हे दाखवायला तिनं उत्साहानं विचारलं, "कुणाचा आवाज, बाबा?"

रेडिओंचं हसू मावळलं. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "तुमच्या आईचा. त्या तेव्हा एक्स्चेंजवर होत्या ना? तिथंच तर ओळख झाली दोघांची."

आई एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती, एवढंच तिला माहीत होतं. तिनं बाबांकडे पाहिलं. ते रागावले नव्हते. ते रेडिओंकडे वळले आणि घरच्या माणसाच्या चुकीबद्दल पाहुण्याची माफी मागावी, तशा आवाजात म्हणाले, "हिला पहिल्यापासून सांगावं लागेल. तुम्हाला परत ऐकावं लागेल सगळं. चालेल ना?"