माझ्यावर चिकटवलेली नोटीस

मित्रांनो, मी शुक्रवार पेठेतला एक जुना सागवानी दरवाजा आहे. ज्ञानू सुतारानं मला घडवलं, लालासाब आणि नजीरा यांच्या नव्या घरासाठी. लालासाब गाड्यांच्या सीटा शिवायचे. ईदच्या आधी ते मला तेल चोळायचे आणि येणारा-जाणारा माझ्या नक्षीवरून हात फिरवायचा. महापुराच्या वर्षी मी खालून फुगलो. तेव्हापासून मला उघडायला खांदा लावावा लागतो. रंधा मारायचं राहूनच गेलं, कारण त्याच सुमारास घराचे दिवस फिरले.

त्यांच्या थोरल्या मुलानं, मोहसीननं, इचलकरंजीत यंत्रमाग टाकले होते, हे घर बँकेकडे गहाण ठेवून. माग बंद पडले, हप्ते थकले. बँकेची पहिली नोटीस आली तेव्हा लालासाबांनी मुदत मागितली आणि उत्तराची वाट पाहत राहिले.

एकदा सगळे गगनबावड्याला लग्नाला गेले होते. मला कुलूप होतं. बँकेची दोन माणसं आली. त्यांनी चिकटपट्टीच्या तुकड्यानं एक कागद माझ्यावर लावला, खालचं टोक अंगठ्यानं दाबून मोबाइलवर फोटो काढला आणि कागद सोलून परत नेला. घराच्या लिलावाची नोटीस होती ती. पोस्टानं पाठवलेली प्रत मोहसीनच्या बंद कारखान्याच्या पत्त्यावर गेली होती. मी सगळं पाहिलं, पण मला बोलता कुठं येतं?

बोलल्या त्या समोरच्या चिमणाबाई. नजीरा परतताच त्यांनी तिला गाठलं. "नजीरा, तुज्या दाराला कागद लावून फोटू काढला आन् कागद माघारी न्हेला की. मला काय ह्ये बरं दिसलं न्हाय."

मोहसीन म्हणाला, आता काय उपयोग. नजीरानं ऐकलं नाही. ती वर्षाराणी वकिलांकडे गेली. कर्ज खरं आहे, ते कुणी माफ करणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. पण राहतं घर लिलावात काढायचं तर तीस दिवस आधी नोटीस घरच्यांना मिळायला हवी, वर्तमानपत्रात छापायला हवी आणि घरावर दिसेल अशी राहायला हवी.

चिमणाबाईंच्या घरी कुरबुर झाली, दुसऱ्याच्या भानगडीत कशाला पडता म्हणून. तरी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगणाऱ्या प्रतिज्ञापत्रावर सही केली. बँकेच्या फोटोतही कागद धरलेला अंगठा दिसत होता. वर्षाराणींच्या अर्जावर कर्जवसुली न्यायाधिकरणानं लिलाव थांबवला आणि नव्यानं नोटीस द्यायला सांगितलं.

या वेळी बँकेचे अधिकारी स्वतः आले. त्यांनी एक प्रत नजीराच्या हातात दिली, दुसरी माझ्यावर नीट चिकटवली.

"साहेब, तारीख मोठ्यानं वाचा," नजीरा म्हणाली. "घरातल्या सगळ्यांना ऐकू येऊ दे."

त्यांनी वाचली. लालासाब मान खाली घालून ऐकत होते. मग चपला घालून ते घराला गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडले.

तो महिना घर वाचवायला पुरला नाही, पण नीट विकायला पुरला. पूर्णिमा नावाच्या शिक्षिकेनं रास्त किंमत दिली, बँकेनंही ते मान्य केलं. कर्ज फिटून उचगावात दोन खोल्या घेण्याइतकं उरलं.

निघताना लालासाबांनी माझ्यावरचा कागद ओल्या फडक्यानं पुसून काढला. "दुसऱ्याच्या घराला आपली नोटीस कशाला?" ते म्हणाले.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी साहेब होईल. कुणाच्या दारावर असा कागद लावायची पाळी येईल. कायदा सांगतो म्हणून जरूर लावा. पण आधी कडी वाजवा.