गोत सांगून बोललेला माणूस

“धरमसिंग कोणता तुमच्यातला? फोनात बोलते तो! काढा त्याले बाहेर!”

मारेगावच्या अलीकडच्या त्या अनोळखी बंजारा तांड्यात पाय ठेवताच लालीबाईने आवाज चढवला. मागून सून शीला घाईघाईने येत होती. सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणायची.

“याडी, हळू बोल. पाहुण्या होऊन आलो आपण.”

“तू आली असशील पाहुणी. मी भांडाले आली.”

शिव्या तिने एसटीतच निवडून ठेवल्या होत्या. भावसिंगला, तिच्या नवऱ्याला, जाऊन एक हंगाम उलटला होता. रडून झालं का, असं बाया विचारायच्या. रडणं आलंच नव्हतं. आत काही हलतच नव्हतं. ज्याच्या बोलण्याने नवरा गेला, त्याच्या तोंडावर थुंकायचं, एवढं एकच काम उरलं होतं.

लालीबाई कोणाच्या बोलण्यात येणारी बाई नव्हे. ताईतवाले, जडीबुटीवाले, पैसे दुप्पट करून देणारे, सगळे तिने तांड्याच्या तोंडावरून पिटाळले होते. तिची पारख एकच. गोत सांग, तांडा सांग, तांड्याच्या मुखियाचं, नायकाचं नाव सांग. जो सांगतो त्याचं घर सापडतं, आणि ज्याचं घर सापडतं तो खोटं बोलत नाही. बापाने शाळेत न घालता तिला हेच शिकवलं होतं. फोनावर फिरत आलेल्या व्हिडिओतल्या माणसाने तर न विचारताच तिन्ही सांगितली, तीही बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, आणि गोत निघालं तिच्या माहेरचंच. मग तो म्हणाला, साखरेची औषधं सोडा, हा काढा घ्या, मी घेतो, मी ठणठणीत आहे.

“डॉक्टरले इचारून पाहू,” शीला तेव्हा म्हणाली होती.

“डॉक्टर कोणत्या तांड्याचा हाय?” लालीबाईने विचारलं आणि भावसिंगच्या साखरेच्या सुया उकिरड्यात फेकून दिल्या. महिना भरायच्या आत तो गेला.

धरमसिंग बाहेर आला. वाळून काटकी झालेला, सदरा खांद्यावरून घरंगळत होता, पण चेहरा हसरा. “मीच तो. या बाई, बसा.” त्याने खाट टाकली, पाणी आणलं. घरात एकटाच होता. बायको वारलेली, पोरगा पुण्याला.

“फोनात तूच बोलला?”

“हो ना! लय लोकांनी आयकलं म्हणतात. मले कोणी एक रुपया देत नाही बाई, पण लोकाचं भलं होते ना. तुमच्या मालकानं घेतला का काढा? कसं हाय आता त्यायचं?”

 लालीबाईने डोक्यावरचा पदर मागे सारला. कानशिलावर लोंबणारी चांदीची घुगरी तिथे नव्हती. नवरा असेतो बंजारा बाई ती उतरवत नाही. धरमसिंगने पाहिलं. हातातला लोटा त्याने खाली ठेवला, मग उगाच पुन्हा उचलला.

“काढा... बराबर उकळला होता ना?” त्याने हळूच विचारलं.

शीला सासूच्या तोंडाकडे पाहत राहिली. लालीबाईने तोंड उघडलं. एकही शिवी येईना. हा लबाड निघाला असता तर किती बरं झालं असतं! पण गोत खरं, तांडा खरा, नायक खरा, मन तर त्याहून खरं. आणि भावसिंग मेला तो मेलाच.

धरमसिंगने लोटा तोंडाला लावून रिकामा केला आणि पुन्हा माठाकडे गेला. त्या दोघी आल्यापासून तो पाणीच पीत होता. लालीबाई ते बघत होती. भावसिंगही शेवटी असाच माठाजवळ जाऊन बसायचा.

“गोळ्या कधी सोडल्या तू?”

“होळीच्या आंधी.”

“मंग साखर मोजली?”

“कायले? मले काही होऊनच नाही राह्यलं.”

“चप्पल घाल.”

“कुठं?”

“दवाखान्यात.”

“तिथं कोण ओळखीचं हाय बाई आपलं?”

“कोणीच नाही. चाल म्हणते ना!”

दवाखान्यातल्या नर्सने त्याच्या बोटाला टोचलं, मशीनकडे पाहिलं. दुसरी पट्टी लावून पुन्हा टोचलं.

“किती हाय?” शीलाने विचारलं.

“मशीन आकडाच दाखवत नाहीये. तिच्या मोजण्याच्या वर गेली साखर. चालत कसे आले हे?” नर्स सलाईन आणायला वळली. “सोबत कोण थांबणार?”

“पोरगा पुण्याले हाय,” धरमसिंग म्हणाला.

“मी,” लालीबाई म्हणाली.

त्याला खाटेवर निजवलं तेव्हा शीला कानाशी लागली. “याडी, एक बी शिवी नाही दिली तू त्याले.”

“तू दे. तुले मनातल्या मनात लय येतात.”

शीला चहा आणायला गेली. लालीबाई खाटेच्या पायथ्याशी बसली. चादर सारून तिने धरमसिंगचा पाय मांडीवर घेतला. साखरेने पाय बधिर झाला का, ते मोठ्या दवाखान्यात डॉक्टर भावसिंगचा पाय असाच दाबून बघायचे. अंगठ्याचं नख तिने तळव्यात दाबलं.

“लागते का?”

“नाही.”

“इथं?”

धरमसिंग वर पंख्याकडे पाहत होता. “इथं बी नाही, बाई.”

तिने नख थोडं पुढे सरकवलं आणि आणखी जोरात दाबलं.

“इथं?”