बाबांच्या शिंपल्याचं झाकण

या, जरा पुढे सरकून बसा, मागे ऐकू येणार नाही. गोष्ट आहे एका शिंपल्याची. कोट्यवधी वर्षं तोंड मिटून बसला आणि मग माणसांच्या तावडीत सापडला!

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत दगड झालेले शिंपले साफ करायचे, हे ताईचं काम. त्यांतला एक तिच्या बाबांना खाणीत मिळाला होता. बाबा साधे खाणकामगार, आता हयात नाहीत. पण त्यांनी शिंपल्याच्या चपट्या अर्ध्यावर शाईने आकडा घातला होता आणि तोच आपल्या वहीत उतरवला होता. साफ करताना दोन्ही अर्धे सुटे झाले. दालनातल्या पाटीवर 'शोधणारा' म्हणून बाबांचं नाव जायचं, तर संग्रहालयाच्या साहेबांना शिंपल्यावरचा आकडा वहीतल्या आकड्याशी जुळवून दाखवायला हवा. आणि पाटी आज दुपारीच छापायला जाणार.

ताई चार दिवस रजेवर काय गेली, भांडार सांभाळणाऱ्या काकांनी खोली आवरून टाकली. खोलगट अर्धे एका कपाटात, चपटे दुसऱ्यात.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

"भांडी एकीकडे, झाकणं एकीकडे! घरी नाही ठेवत?"

"अहो, इथे ज्याचं झाकण त्यालाच बसतं."

"मग बसवून बघ. दीडशेच तर आहेत."

ताईने दात-ओठ खाल्ले. कडेचा टवका उडालेला बाबांचा खोलगट अर्धा तिने लगेच ओळखला आणि एकेक झाकण लावायला बसली. हे मोठं, ते डुगडुगतं, हे बिजागरीपाशी अडतं. बोटं सोलवटली, चहावर साय धरली, छापखान्याचा दोनदा निरोप आला. एकशे अकरावं झाकण मात्र असं बसलं, की मध्ये केस शिरेना. देव पावला म्हणत तिने शिंपला वळवून झाकणाची पाठ पाहिली.

पाठ लख्ख!

"काका, यावर आकडा होता."

"तो काळा डाग? अर्धा तास ब्रशने घासला, तेव्हा कुठे गेला मेला!"

ताईने शाईचं पेन उचललं. वही समोर उघडी होती, आकडा पाठ होता. पण तिच्या हाताने घातलेला आकडा बाबांना चालला नसता. तिने पेन आपटलं.

"आकड्याशिवाय मी कसं मानू?" साहेब म्हणाले. पाटी छापून आली : 'शोधणारा : अज्ञात'.

तेव्हा माझं एवढं ऐका. कधी काचेआड असा मिटलेला शिंपला दिसला, तर घटकाभर थांबा आणि खाणीतल्या त्या बाबांची आठवण काढा. आकडा त्यांनी घातला होता हो.