आधी तुम्ही

"छे छे, मला कशाला? कुणा गरजू बाईला द्या," पूरान हसून म्हणाली आणि सगळा घोळ तिथेच झाला.

तेहरानमध्ये असंच म्हणायचं असतं. समोरचा आग्रह करतो, आपण पुन्हा नको म्हणतो, तो गळ घालतो, मग आपण लाजत घेतो. लगेच हो म्हणणारी बाई हावरट ठरते. पण टोरांटोत नव्याने आलेल्यांना मदत करणाऱ्या केंद्रातली मर्लीन पडली जमैकाची, सरळ बाई. तिने "बरं" म्हटलं आणि पाळणाघराच्या प्रशिक्षणातली ती शेवटची जागा पुढच्या बाईला देऊन टाकली. आमची पूरान आपली दुसऱ्या आग्रहाची वाट बघत खुर्चीत बसून.

तिची लेक हेंगामे कॉलेज सोडून दुकानात उभी राहत होती. आईला काम लागलं की तिनं पुन्हा शिकायला जायचं, असं ठरलं होतं. झाला प्रकार ऐकून ती भांडली असती तर परवडलं असतं. "राहू दे आई, पुढच्या वर्षी बघू," एवढंच म्हणाली आणि उद्याचा डबा भरायला लागली.

सकाळी पूरान मर्लीनसमोर हजर. "मला ती जागा हवी होती."

"मग नको का म्हणालात?"

"हवी होती म्हणूनच."

मर्लीनने चार ठिकाणी फोन फिरवले. "मॅल्व्हर्नच्या केंद्रात एक उरलीय. पण राखून ठेवत नाहीत. आधी पोचेल तिची. आणि बाई, तिथे तरी लाजू नका."

मॅल्व्हर्न शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पूरानचं सगळं जग यंग स्ट्रीटवर. रोटी इराणी, डॉक्टर इराणी, भांडणंसुद्धा फारसीत. पलीकडे जायची गरजच काय? आज मात्र ती फिंच रस्त्याने तिकडे जाणाऱ्या बसमध्ये चढली. पाट्या चिनी झाल्या, मग तमिळ झाल्या, आणि ही घाबरून एक थांबा आधीच उतरली. साड्यांच्या दुकानातल्या अण्णांनी रस्त्यावर येऊन वाट दाखवली, वर चहा विचारला. "नको," ती म्हणाली, "आणि हे खरं नको आहे." ते काय समजायचं ते समजले. ती जवळजवळ धावतच निघाली.

केंद्राच्या दाराशी एक बाई तिच्याच बरोबर येऊन पोचली. दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं आणि समोरची इराणी आहे हे ओळखलं.

"तुम्हीही पाळणाघराच्या जागेसाठी?" बाईने फारसीत विचारलं. बोलणं इराणातल्या मशहदकडचं, डोळे जागरणाने सुजलेले. तिने दार उघडून धरलं. "या ना. आधी तुम्ही."

पूरानच्या ओठांवर "छे, आधी तुम्ही" आलंच होतं. पन्नास वर्षांची सवय ती. या बाईला जागा हवी आहे, तिचं हे बोलणं वरवरचं आहे, हे त्या अख्ख्या इमारतीत एकट्या पूरानला कळत होतं. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

"आभारी आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

नाव नोंदवायच्या खिडकीपाशी पोचून तिने स्वतःचं नाव सांगितलं, आवाज न कापता. "जागा मला हवी आहे." मागे ती बाई अजून दार धरूनच उभी होती, पूरान वळून आग्रह करेल म्हणून. पूरानने मागे वळून पाहिलं नाही.