एकाच रेघेचे नऊ दिवस

मित्रांनो, दवाखान्याच्या मागच्या खोलीत मोडक्या वजनकाट्याशेजारी जी करडी पेटी पडली आहे, ती मी. माझ्या पाठीवर सोळा भोके आहेत. प्रत्येक भोकात बोटाच्या पेराएवढी नळी बसते. त्या नळीला माणसाच्या अंगाइतकी ऊब देत राहायचे, एवढेच माझे काम होते.

तुम्ही म्हणाल, उबेत ते काय मोठे! पण नळीतल्या थेंबात एक कात्री असे, डोळ्यांना न दिसणारी. सजीवांची जनुके कापायला आणि बदलायला शास्त्रज्ञ ती वापरत. पुढे कोणाच्या तरी लक्षात आले, की हीच कात्री विषाणूही हुडकून काढते. तिच्या जोडीला एक वाटाड्या असतो. रुग्णाच्या नमुन्यात विषाणूचा ठरावीक तुकडा असला, की वाटाड्या तिला तिथे नेतो. मग ती अशी चवताळते, की आजूबाजूचे बारीक धागेही कापत सुटते. धागे तुटले, की कागदी पट्टीवर दुसरी रेघ उमटते. दोन रेघा म्हणजे विषाणू आहे. एकच रेघ म्हणजे नाही.

एका लहानशा कारखान्यात सहा बायकांनी मला जोडले. शेवटचा स्क्रू पिळणारीने माझ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "तापली गं बाई, चालली!" माझ्या वाट्याला आलेला तो पहिला आनंद.

मी या दवाखान्यात आले तेव्हा तापाची साथ ऐन भरात होती. तोवर नमुने मोठ्या शहरात जात आणि उत्तर यायला चार दिवस लागत. तेवढ्यात रोगी एक तर पायी घरी गेलेला असे, नाही तर खांद्यावरून. माझ्यामुळे तासाभरात उत्तर मिळू लागले. तपासणी करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताई रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत. त्यांचा थोरला भाऊ रुग्णवाहिका चालवी. घरी म्हातारी आई होती. तिला बाधा नको, म्हणून दादा अकरा दिवस गाडीतच झोपत होता.

दर खेपेला ताई एक ओळखीची नळी लावत. तिच्यात विषाणूचा निरुपद्रवी तुकडा मुद्दाम घातलेला असे. तिच्या पट्टीवर दोन रेघा आल्या, म्हणजे कात्री जिवंत आहे असे समजायचे. पण पुढे कात्रीचे द्रावण कमी पडू लागले. मोठे डॉक्टर म्हणाले, "रोज तेच उत्तर येतं. त्या नळीवर थेंब कशाला वाया घालवता?" ताई थोड्या घुटमळल्या. मग म्हणाल्या, "बरं, साहेब." त्या दिवसापासून ती नळी बंद झाली.

सुट्टीच्या दिवसांत वीज गेली, ती दीड दिवस आलीच नाही. फ्रीजरमधले द्रावण वितळले, कोमट झाले, आणि वीज आल्यावर पुन्हा गोठले. सुट्टी संपल्यावर ताईंनी दार उघडले, तेव्हा सगळे जिथल्या तिथे होते. कात्री मात्र मेली होती. मी शेजारीच होते, पण मला वाचा कुठे?

पट्ट्यांवर एकच रेघ येऊ लागली. साथ ओसरली म्हणून सगळ्यांच्या जिवात जीव आला. कोणी माझ्या अंगावरून हात फिरवून म्हणाले, "गुणाची आहे हो पेटी!" दुसऱ्याच दिवशी दादा खिडकीशी आला. घसा खवखवतो म्हणाला.

"काय गं, सुटलो का?"

ताईंनी पट्टी उजेडात धरली. "सुटलास. एकच रेघ."

"मग आज आईच्या हातचं जेवतो."

नवव्या दिवशी तो आईला उचलून घेऊन आला. तिला धाप लागली होती. ताईंनी तिची तपासणी केली, तर एकच रेघ. त्यांनी पट्टीकडे पाहिले, मग आईच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे. आणि इतक्या दिवसांनी ओळखीची नळी काढून माझ्या भोकात ठेवली. तिच्या पट्टीवरही एकच रेघ आली. ताईंनी नोंदवही उघडून नावे मोजली.

नऊ दिवसांत त्रेचाळीस माणसांना त्यांनी 'काही नाही' म्हणून घरी पाठवले होते.

डॉक्टर म्हणाले, "आत्ता बोभाटा केला तर लोक बिथरतील. नवं द्रावण आलं, की गुपचूप पुन्हा तपासू."

"साहेब, ते लोक आज घरात मुलांना जवळ घेऊन बसलेत. आजच सांगायला हवं."

आईला खाटेवर सोडून ताई यादी घेऊन निघाल्या. त्रेचाळीस दारे. "माझी तपासणी चुकली, वेगळे राहा," एवढेच प्रत्येक दारात सांगायचे. काहींनी हात जोडले. एका बाईने विचारले, "तूच म्हणालीस ना, काही नाही म्हणून?" आणि दार लावून घेतले. तिचा नवरा आदल्याच दिवशी गेला होता.

तिसऱ्या दिवशी नवे द्रावण आले. पुन्हा तपासल्यावर अकरा जणांच्या पट्टीवर दोन रेघा निघाल्या. चौघे तपासायला उरलेच नव्हते. त्याच दुपारी आई गेली.

दादाने आरडाओरडा केला नाही. खिडकीशी येऊन तो एकदाच बोलला, "तू नाही म्हणालीस, म्हणून मी तिच्या शेजारी झोपलो." त्यानंतर तो गाडीतून आणलेला नमुन्यांचा डबा खिडकीशी न येता उंबऱ्यावर ठेवून जाई.

चौकशी झाली. डॉक्टरांचे बोलणे कागदावर नव्हते. त्रेचाळीस सह्या ताईंच्या होत्या. त्यांना काढून टाकले. लोक मला खोटारडी म्हणू लागले, आणि मला इथे आणून टाकले. नमुने पुन्हा मोठ्या शहरात जाऊ लागले. पुन्हा चार दिवस.

शेवटच्या दिवशी ताई किल्ल्या द्यायला आल्या. जाताना बाहेर रुग्णवाहिका उभी होती. दादाने बराच वेळ समोरच्या काचेतून पाहिले. मग हात लांबवून बाजूचे दार उघडले.

"बस. सोडतो घरी."

"घरी कोण आहे, दादा?"

त्याने गाडी सुरू केली. ताई बसल्या आणि गाडी गेली.

मित्रांनो, मला कोणी पुसावे, पुन्हा टेबलावर ठेवावे, असा माझा हट्ट नाही. माझ्यासारख्या पेट्या कारखान्यात पुष्कळ होतात. पण ताईंनी घरोघर जाऊन सांगितल्यामुळे कितीतरी घरांत ताप पसरला नाही, याची कुठेच नोंद नाही. ताईंची चूक मात्र सगळ्यांना पाठ आहे. उद्या तुमच्या दारात कोणी आपली चूक सांगायला आले, तर राग जरूर करा. रडा, ओरडा. पण त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्या. कारण त्याला लोटून दिलेत, तर पुढच्या वेळी ज्याच्या हातून चूक होईल, तो घरोघर जाणार नाही. तो गप्प बसेल.